पाठशाखांचे एकत्रीकरण : ऋद्धिपूर, पैठण, पुणे आणि संगणकीय आवृत्ती-नियंत्रण

प्रस्तावना

एकाच मजकुराच्या दोन प्रती दोन ठिकाणी दोन व्यक्तींनी बदलल्या आणि पुढे त्या पुन्हा एक करावयाच्या झाल्या तर काय करावे, हा प्रश्न संगणकापेक्षा कितीतरी जुना आहे. आज सॉफ्टवेअर निर्मितीच्या क्षेत्रात तो दररोज उद्भवतो. एखाद्या प्रणालीचा मुख्य मजकूर, म्हणजे आज्ञावली, एका जागी ठेवलेला असतो. नवी सुविधा तयार करणारा अभियंता त्या मजकुराची स्वतंत्र शाखा काढतो, आपले काम त्या शाखेवर करतो आणि काम पुरे झाल्यावर ती शाखा मूळ प्रवाहात मिसळतो. अशा शाखेस ‘फीचर ब्रँच’ आणि मिसळण्याच्या क्रियेस ‘मर्ज’ असे म्हटले जाते. एकाच मजकुरावर शेकडो माणसे एकाच वेळी काम करू लागली की हे मिसळणे हाताने करणे अशक्य होते. म्हणून गेल्या पन्नास वर्षांत ते काम थोडेथोडे करून यंत्राकडे सोपविण्यात आले.

ह्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मानला जातो. यंत्रापुरते ते खरे आहे. परंतु फुटलेल्या शाखा एकत्र कशा कराव्यात, कोणता भेद आपणहून मिटवावा आणि कोठे थांबून दोन्ही पाठ तसेच राहू द्यावेत, ह्यासंबंधीचा विचार मराठी प्रदेशात तेराव्या-चौदाव्या शतकापासून झालेला दिसतो. बेल प्रयोगशाळेतील कोणी महानुभाव पोथ्या चाळल्या होत्या असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. येथे प्रभावाचा दावा नाही. प्रश्न एक आहे, आणि त्याची उत्तरेही फारशी वेगळी नाहीत, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. यंत्राला एकत्रीकरणाचा कोणता भाग जमला व कोणता जमला नाही, हे ह्या जुन्या उदाहरणांच्या शेजारी ठेवून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते.

ऋद्धिपूर : दोन्ही पाठ नावानिशी

म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडे जाऊन, आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेऊन. ‘लीळाचरित्र’ अशा रीतीने तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपूर येथे सिद्ध झाले. पंथीय परंपरेनुसार ह्या ग्रंथाची मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला. साहजिकच एकाच ग्रंथाच्या अनेक शाखा झाल्या. पिढीपाठ, हिराइसा पाठ, परशरामबास पाठ, रामेश्वरबास पाठ ही त्यांपैकी काहींची नावे होत.

पुढील लेखकांपुढे ह्या शाखांचे काय करावयाचे हा प्रश्न होता. एकच पाठ खरा मानून उरलेले टाकून देणे सोपे होते. महानुभावांनी तसे केले नाही. एका कथनात दुसऱ्या परंपरेचे निराळे स्मरण आढळले तर ते ‘वासना’, ‘शोधु’ अशा खुणेच्या शब्दांनी, किंवा ज्याचा पाठ त्याचे नाव देऊन, मजकुरातच नोंदविले गेले. वाचणाऱ्याला थोडा अडथळा होतो. वाक्य मध्येच थांबते, दुसरी हकीकत येते आणि मग मूळ कथन पुढे चालू होते. पण ह्या अडथळ्यामुळेच कोणाचे स्मरण कोणते हे आज सांगता येते. ईश्वराची वचने आहेत अशी श्रद्धा असताना त्यांत आपल्या निवडीने काटछाट करण्याचे धाडस ह्या लेखकांनी केले नाही. पद्धतीच्या मागे असलेले हे धर्मकारण नजरेआड करता येत नाही.

पैठण : एकच शुद्ध प्रत

ज्ञानेश्वरीच्या बाबतीत वेगळे घडले. शके १२१२ मध्ये नेवासे येथे सांगितल्या गेलेल्या ह्या ग्रंथाच्या प्रती तीनशे वर्षांत हातोहात उतरविल्या गेल्या, आणि त्यांत अपपाठ शिरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, प्रती ताडून ग्रंथाचे शुद्धीकरण केले आणि ह्यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असा कडक इशाराही देऊन ठेवला. वारकरी परंपरेत चालत आलेला पाठ मुख्यतः ह्या शुद्ध प्रतीवरून आलेला आहे. मराठीतील संहिताशुद्धीचे हे पहिले मोठे काम होय, आणि त्याचे महत्त्व कोणत्याही दृष्टीने कमी होत नाही.

तथापि एक गोष्ट राहून गेली. एकनाथांनी कोणत्या प्रती पाहिल्या, कोठे कोणता पाठ नाकारला आणि का, ह्याची नोंद त्यांनी मागे ठेवली नाही. त्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. परिणाम असा की त्यांच्या आधीचा पाठ शोधावयाचा तर एकनाथपूर्व प्रतच हाती यावी लागते. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली ती बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेली पोथी एकनाथपूर्व आहे ह्याच भूमिकेतून, आणि त्या पोथीच्या प्राचीनतेबद्दल विद्वानांत वाद झाला. एकत्रीकरण करणाऱ्याने शाखा जपून ठेवल्या असत्या तर त्या वादाचा बराच भाग उद्भवलाच नसता.

पुणे : हरवलेल्या मुळाचा शोध

तिसरे उदाहरण सर्वांत विस्तृत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले. १९४३ मध्ये सुखटणकरांचे निधन झाल्यावर श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी ही जबाबदारी सांभाळली. १९६६ मध्ये एकोणीस खंडांची आवृत्ती पूर्ण झाली. ह्या कामात एकूण १२५९ हस्तलिखितांचा उपयोग झाला.

सुखटणकरांच्या आधी महाभारताच्या शाखा एकत्र करण्याचा एक प्रयत्न मराठी पंडितानेच केला होता. मूळचे गोदातीरीच्या कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर यांनी सतराव्या शतकात काशीत ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिताना निरनिराळ्या प्रांतांतील प्रती जमविल्या व त्यांतून उत्तम वाटले ते पाठ घेतले. त्यांची वृत्ती संग्राहक होती. चांगला श्लोक सापडला तर तो सोडू नये असा त्यांचा कल दिसतो. ह्या पद्धतीने तयार होणारा पाठ सरळ व प्रवाही वाचता येतो, पण तो जसाच्या तसा पूर्वी कोणत्याही एका प्रतीत असेलच असे नाही. नीलकंठी पाठच पुढे छापील आवृत्त्यांतून सर्वत्र पोचला.

सुखटणकरांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. समजा, एका प्रतीत एक श्लोक आहे आणि दुसरीत तो नाही. केवळ ह्या दोन प्रती समोर ठेवून तो श्लोक पहिलीत नव्याने घातला गेला की दुसरीतून गळाला, हे कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी दोन्ही जिच्यापासून निघाल्या ती मूळ प्रत हवी. महाभारताच्या बाबतीत मूळ प्रत उपलब्ध नाही. म्हणून शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिपींनुसार हस्तलिखितांचे गट पाडून, ज्या शाखांचा परस्परांशी संबंध आला असण्याची शक्यता कमी, त्यांचे एकमत जेथे आढळते तेथे तो पाठ मूळचा, असा नियम त्यांनी स्वीकारला. एकाच शाखेत असलेले आणि अन्यत्र नसलेले भाग तळटीपांत अथवा परिशिष्टांत गेले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही घरोघर माहीत असलेली कथा आदिपर्वाच्या मुख्य संहितेतून अशाच रीतीने बाहेर गेली. सभापर्वात, ज्याचे संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केले, द्रौपदीने वस्त्रहरणप्रसंगी केलेला कृष्णाचा धावा मुख्य संहितेत राहिला नाही. परंतु ह्यांपैकी काहीही नष्ट केले गेले नाही. पानाच्या खालच्या भागात आणि परिशिष्टांत प्रत्येक पाठ, तो कोणत्या प्रतीत मिळतो त्या संकेतासह, जागच्या जागी सापडतो.

प्रत्यक्ष काम कसे चाले हे पाहण्यासारखे आहे. पाठ ताडण्यासाठी चौकटींचे कागद छापून घेतले होते. वरच्या ओळीत छापील संहितेतील श्लोक एका चौकटीत एक अक्षर असा लिहावयाचा. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक आडवी ओळ. भेद असेल तेथेच त्या त्या चौकटीत अक्षर भरावयाचे. जास्तीचे श्लोक वेगळ्या कागदावर. हे काम पुण्याबरोबरच शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही चालत असे. भेद अक्षराच्या पातळीवर आणि ठरलेल्या स्तंभात नोंदविण्याची ही शिस्त म्हणजे यंत्राविना चालविलेली यांत्रिक प्रक्रियाच होय. निर्णय मात्र संपादकाचा. निर्णय पुरेसा निश्चित नसेल तेथे संहितेतील शब्दांखाली नागमोडी रेघ दिली जाई.

सुखटणकरांना सर्वाधिक त्रास दिला तो देवनागरी प्रतींनी. देवनागरी सर्वत्र वाचली जाणारी लिपी असल्यामुळे तिच्या प्रतींत उत्तर व दक्षिण अशा दोन्ही परंपरांचे पाठ मिसळले होते. एका शाखेने दुसरीतून काही घेतले, दुसरीने पहिलीतून, आणि पुन्हा दोन्ही वेगळ्या वाढल्या, असे झाले की वंशवृक्ष सरळ राहत नाही. निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ह्या चारही भाषा ह्या सीमाभागात शेजारी नांदल्या. अशा प्रदेशातील वाचकाला पाठांचे हे मिश्रण अनपेक्षित वाटू नये.

आदिपर्व प्रसिद्ध झाल्यानंतर काही वर्षांनी नेपाळातून त्या पर्वाचे एक जुने हस्तलिखित सुखटणकरांच्या हाती आले. आधी ठरविलेल्या संहितेतील अनेक पाठांना त्याने दुजोरा दिला. निर्णय घेतेवेळी जो पुरावा समोर नव्हता, त्याने नंतर निर्णयाची परीक्षा घेतली. पद्धतीच्या दृष्टीने ही घटना मोलाची आहे.

यंत्राचा प्रवेश

बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये तयार केलेली एससीसीएस ही प्रणाली एका संचिकेच्या सर्व आवृत्त्या जपून ठेवी. वॉल्टर टिची यांनी पर्ड्यू विद्यापीठात केलेली आरसीएस ही १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतली. दोन्हींची सर्वसाधारण रीत कुलपाची होती : एकाने संचिका दुरुस्तीसाठी घेतली की इतरांनी थांबावयाचे. शाखा एकत्र करण्याचा प्रश्न अशा रीतीने टाळला जाई.

प्रश्न टाळणे अशक्य झाले ते महाविद्यालयीन वेळापत्रकामुळे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अ‍ॅम्स्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठातील प्राध्यापक डिक ग्रून हे आपल्या दोन विद्यार्थ्यांसह एका संकलकावर काम करीत होते, आणि तिघांच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या. कोणी कोणासाठी थांबावयाचे नाही, सर्वांनी आपापल्या प्रतीत बदल करावेत व नंतर ते मिसळावेत, ह्या गरजेतून १९८६ मध्ये सीव्हीएस प्रणालीचा जन्म झाला.

मिसळण्याचे साधन तोवर तयार होते. डग्लस मॅकइलरॉय आणि जेम्स हंट यांच्या ‘डिफ’ ह्या आज्ञावलीने दोन मजकुरांतील भेद ओळीओळीने दाखविता येत होते. ‘डिफ-थ्री’ ह्या तिच्या पुढच्या रूपाने तीन मजकूर एकत्र ताडले जात. तिसरा मजकूर म्हणजे दोन्ही शाखांचा समान पूर्वपाठ. पूर्वपाठात ओळ नाही व एका शाखेत आहे, तर ती भर; पूर्वपाठात आहे व एका शाखेत नाही, तर ती वगळलेली. एकाच शाखेने बदल केला असेल तर तो स्वीकारावयाचा. दोघांनी एकाच जागी निरनिराळा बदल केला असेल तर यंत्राने निवड करावयाची नाही. दोन्ही पाठ चिन्हांच्या कुंपणात शेजारी ठेवावयाचे आणि माणसाला बोलवावयाचे. सुखटणकरांना जी मूळ प्रत अनुमानाने उभी करावी लागली ती संगणकाला आयती मिळते, कारण प्रत्येक आवृत्ती दिनांकासह साठविलेली असते. स्वयंचलित एकत्रीकरण शक्य झाले ते ह्या एका सोयीमुळे. विरोध आला की थांबून दोन्ही पाठ नोंदविण्याची रीत मात्र ऋद्धिपूरच्या रीतीहून तत्त्वतः भिन्न नाही.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ‘गिट’ लिहिले आणि त्याच वर्षी त्याची देखभाल जुनियो हमानो यांच्याकडे आली. गिटमध्ये शाखा काढणे इतके स्वस्त झाले की प्रत्येक लहान कामासाठी स्वतंत्र शाखा ही प्रथाच पडली. त्याबरोबर देवनागरी प्रतींची अडचण येथेही आली. दोन शाखांनी परस्परांतून पूर्वी देवाणघेवाण केली असेल तर त्यांचे समान पूर्वज एकापेक्षा अधिक निघतात. गिटने ह्यावर काढलेला तोडगा असा की आधी त्या पूर्वजांचेच एकत्रीकरण करून एक कल्पित पूर्वपाठ तयार करावयाचा आणि त्याच्या आधारे मूळ शाखा मिसळावयाच्या. कल्पित पूर्वपाठ उभा करून निर्णय घेणे हेच भांडारकर मंदिरातील टेबलावरही चालले होते.

निर्विरोध परंतु चूक

यंत्राने विरोध दाखविला नाही म्हणजे एकत्रीकरण बरोबर झाले, असे मानण्याकडे नवख्यांचा कल असतो. येथेच खरा धोका आहे. समजा, महाविद्यालयाच्या शुल्क-आकारणीच्या प्रणालीत एका शाखेने रकमा रुपयांऐवजी पैशांत मोजण्याचा बदल केला. दुसऱ्या शाखेने, वेगळ्या संचिकेत, त्याच हिशेबावर आधारलेले शिष्यवृत्तीचे नवे पान लिहिले, पण रक्कम रुपयांत आहे असे धरून. दोघांनी एकाही समान ओळीला हात लावलेला नाही. यंत्र दोन्ही शाखा विनातक्रार मिसळील आणि विद्यार्थ्याची रक्कम शंभरपट चुकेल. नीलकंठी पाठाप्रमाणे हा मजकूरही सलग वाचता येतो. तो आधी कोणीही लिहिलेला किंवा तपासलेला नसतो.

ओळींच्या तुलनेवर आधारलेल्या ह्या पद्धतीचा गणिती अभ्यास संजीव खन्ना, केशव कुणाल आणि बेंजामिन पिअर्स यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. एकमेकांपासून दूर असलेले बदल नेहमी सुखरूप मिसळतील, ही वापरणाऱ्यांची सहज समजूतही सर्वच प्रसंगी टिकत नाही, असे त्यातून पुढे आले.

म्हणून स्वयंचलनाचा पुढचा टप्पा तुलनेत नव्हे, तर परीक्षेत आहे. लिनक्स गाभ्यासाठी स्टीफन रॉथवेल यांनी २००८ मध्ये ‘लिनक्स-नेक्स्ट’ हा उपक्रम सुरू केला. त्यात निरनिराळ्या देखभालकर्त्यांच्या शाखा दररोज एकत्र करून मजकूर चालण्याजोगा राहतो की नाही हे पाहिले जाते आणि विरोध आढळल्यास संबंधितांना पत्राने कळविले जाते. रस्ट ह्या भाषेसाठी ग्रेडन होअर यांनी ‘बोर्स’ नावाचा यंत्रसेवक लिहिला. त्याचा नियम साधा होता : शाखा मुख्य प्रवाहात मिसळल्यावर जो मजकूर तयार होईल तोच आधी बाजूला तयार करावा, त्यावर सर्व चाचण्या चालवाव्यात, आणि त्या उत्तीर्ण झाल्या तरच मुख्य प्रवाह पुढे सरकवावा. शाखा स्वतंत्रपणे उत्तीर्ण झाली होती एवढे पुरेसे नाही. २०२३ मध्ये गिटहबने सर्वांसाठी खुली केलेली ‘मर्ज क्यू’ म्हणजे मिसळण्यासाठी शाखांची रांग, ही ह्याच तत्त्वावर चालते. नेपाळी हस्तलिखिताने जी परीक्षा योगायोगाने घेतली, ती येथे प्रत्येक मर्जपूर्वी ठरवून घेतली जाते. चाचणी लिहिणाऱ्याला जे सुचले नाही ते मात्र यंत्रालाही दिसत नाही.

देवनागरी मजकूर आणि ओळ हे एकक

मराठी पोथ्यांचे संगणकीकरण करणाऱ्या विभागांनी ही साधने जशीच्या तशी घेतली तर दोन अडचणी हमखास येतात. पहिली एककाची. ही साधने ओळीला एकक मानतात. एकाने ओवी एका ओळीत टंकलिखित केली आणि दुसऱ्याने चार चरण चार ओळींत, तर एकही अक्षर न बदलता संपूर्ण ग्रंथ विरोधात जातो. चौकटीच्या कागदावर एकक अक्षर होते. ती पातळी येथे मुद्दाम आणावी लागते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’ ह्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. ‘ॲ’ हे २००८ मध्ये स्वतंत्र चिन्ह झाले, त्यापूर्वीच्या मजकुरात ते ‘अ’ आणि चंद्र मिळून झालेले आहे. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो; आणि युनिकोडच्या प्रमाणीकरण नियमांनीही हे भेद मिटत नाहीत. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांतून रूपांतरित केलेल्या मजकुरात तर असे भेद पानोपानी असतात. खऱ्या पाठभेदांत हे खोटे भेद मिसळले की कंटाळलेला टंकलेखक सगळेच एका फटक्यात स्वीकारतो, आणि त्याबरोबर एखादे जुने रूपही ‘दुरुस्त’ होऊन जाते.

शाखेचे पुढे काय होते

गिटमध्ये साधे मर्ज केल्यास त्या नोंदीला दोन पूर्वज राहतात. नाकारलेला पाठ मुख्य मजकुरात नसला तरी शाखेच्या इतिहासात सापडतो. ह्या अर्थाने प्रत्येक मर्जला चिकित्सक आवृत्तीसारखी तळटीप जोडलेली असते. पण व्यवहारात दुसरी एक पद्धत अत्यंत लोकप्रिय आहे. तिला ‘स्क्वॉश’ म्हणतात. तिच्यात शाखेवरील सर्व टप्पे दाबून त्यांची एकच नोंद केली जाते, आणि तिला शाखेचा पूर्वज जोडलेला नसतो. इतिहास नीटनेटका, एकरेषी दिसतो. बहुतेक सेवांत शाखा मिसळताच ती आपोआप पुसून टाकण्याचीही सोय आहे, आणि स्वयंचलित रांगेबरोबर ती सहसा चालू ठेवली जाते. पैठणच्या शुद्ध प्रतीला निदान हाताने उतरविलेल्या जुन्या पोथ्यांचा आधार गावोगावी शिल्लक होता. राजवाड्यांना पाटांगणची पोथी मिळू शकली ती त्यामुळेच.